गुलाबी वाइन आणि दोन खोटी रीडिंग्ज

आधीच कबूल करते की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि नाही दिसल्या तर ते श्रेय माझ्या रूममेटचं. आणि रेक्टर मॅडम, शीर्षक वाचून माझ्या रूमकडे निघू नका! ही वाइन हॉस्टेलवर झालेली नाही. ती झाली कॅनडात, टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात, माझ्या मावशीच्या घराच्या तळघरात.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मी दोन महिने मावशीकडे गेले होते. ऑगस्टमध्ये तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. पार्टीची वाइन घरचीच असणार, हे काकांनी आधीपासून ठरवून टाकलं होतं. मावशीला रेड वाइन कडू लागते आणि व्हाइट आंबट लागते, म्हणून मधला मार्ग निघाला, तो म्हणजे ब्लश. गोडसर, फिकट गुलाबी, गार करून प्यायची वाइन. ब्लश म्हणजे लाजणं. नाव मात्र सुंदर दिलंय.

माझी कल्पना अशी की वाइन करायची म्हणजे द्राक्षं आणायची आणि सिनेमात दाखवतात तशी पायांनी तुडवायची. प्रत्यक्षात काकांनी गाडीतून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. त्यात द्राक्षाच्या आटवलेल्या रसाची मोठी पिशवी, एक छोटी वेगळी पिशवी, आणि नंबर घातलेली चार-पाच पाकिटं. मॅगीसारखं. पाणी घाला, मसाला टाका, फक्त दोन मिनिटांच्या जागी सहा आठवडे. कॅनडात असे किट सर्रास मिळतात, आणि स्वतःच्या घरी पिण्यासाठी वाइन करायला तिथे कायद्याची आडकाठी नाही. विकता मात्र येत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, वाइनसुद्धा त्यातच आली. तेव्हा हा लेख वाचून कुणी हॉस्टेलच्या बादलीत प्रयोग करू नये. (बादलीची अवस्था बघता कुणी पिणारही नाही.)

आता थोडी थिअरी. द्राक्ष काळं असलं तरी बहुतेक जातींचा रस जवळजवळ बिनरंगीच असतो. रंग असतो सालीत. रस सालीबरोबर बरेच दिवस ठेवला तर रेड वाइन होते. काही तासांतच साल काढून टाकली तर रसाला नुसती गुलाबी झाक येते. किटमध्ये हे काम आधीच झालेलं असतं, पिशवीतला रसच गुलाबी निघतो. पुढचं काम यीस्टचं. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. बारावीच्या केमिस्ट्रीतलं समीकरण आठवा, १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम गॅस. म्हणजे साखरेच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग हवेत जातो. हे ८८ ग्रॅम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिला दिवस निम्मा भांडी धुण्यातच गेला. नुसती साबणाने नाही, तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्याने, ज्याचा वास नाकात काडेपेटी पेटवल्यासारखा बसतो. मग मोठ्या प्लॅस्टिकच्या पिंपात कोमट पाण्यात पहिलं पाकीट, बेंटोनाइट. सिव्हिलवाल्यांना हे नाव माहीत असेल, पाइल फाउंडेशनच्या खड्ड्यात जी चिकणमाती वापरतात तीच ही. इथे ती वाइनमधला गढूळपणा घेऊन तळाशी बसते. काका सिव्हिलचे, त्यांना हे सांगताना फार आनंद झाला. त्यावर रस ओतला, पाणी घालून २३ लिटर केलं, आणि हात दुखेपर्यंत ढवळलं. मग यीस्टचं ५ ग्रॅमचं पाकीट वरून भुरभुरलं. झाकणाला एअरलॉक लावला. म्हणजे पाणी भरलेली छोटी वाकडी नळी, जिच्यातून आतला गॅस बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातून ब्लुप, ब्लुप सुरू झालं. मी जिन्यावर बसून तो आवाज ऐकत होते. खोटं वाटेल, पण छान वाटतं.

यीस्ट टाकण्याआधी काकांनी माझ्या हातात हायड्रोमीटर दिला आणि एक वही दिली. "तू मेकॅनिकलची ना? रीडिंगचं खातं तुझं."

हायड्रोमीटर आपण सगळ्यांनी लॅबमध्ये पाहिलाय. साखर जास्त तर रस जड, नळी वर तरंगते. साखर संपत गेली की नळी बुडत जाते. आमचं पहिलं रीडिंग आलं १.०८०. शेवटी ते ०.९९६ किंवा त्याच्याही खाली जायला हवं. पाण्यापेक्षा कमी कसं, असं मी विचारलं, आणि विचारताच कळलं की अल्कोहोलची घनता ०.७८९ आहे. म्हणजे साखर पूर्ण संपली की वाइन पाण्यापेक्षा हलकी होते. रीडिंग घेताना नळीला गॅसचे बुडबुडे चिकटतात आणि ती उगाच वर उचलली जाते, म्हणून आधी नळी हलकेच फिरवून ते झटकायचे. हे आमच्या लॅब मॅन्युअलमध्ये नाही, कारण तिथे पाणी बुडबुडे सोडत नाही.

आठव्या दिवशी रीडिंग १.०१० झालं. तेव्हा सायफन लावून सगळा रस काचेच्या मोठ्या बरणीत घेतला. तिला तिकडे कारबॉय म्हणतात, मावशी बरणीच म्हणायची. तळाचा गाळ पिंपातच राहिला. इथून पुढे काम फक्त वाट बघण्याचं आणि रीडिंग घेण्याचं.

आता ब्लशची खरी गंमत सांगते. तिचा गोडवा मूळच्या द्राक्षाचा असतो असं मला वाटत होतं. किटच्या वाइनमध्ये तसं नसतं. यीस्टला आधी सगळी साखर खाऊ द्यायची, वाइन कोरडी ठक्क होऊ द्यायची. मग मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट घालायचं, आणि त्यानंतर ती छोटी वेगळी पिशवी, म्हणजे गोड रस, ओतायचा. सॉर्बेट यीस्टला मारत नाही. ते फक्त त्याची पुढची पिढी होऊ देत नाही. त्यामुळे यीस्टचं काम आधीच संपलेलं असेल तरच सॉर्बेटचा उपयोग. जिवंत, अर्ध्या पोटी असलेल्या यीस्टला सॉर्बेटने फारसा फरक पडत नाही, ते उरलेली साखर खात राहतं.

आणि काम संपलं की नाही हे फक्त हायड्रोमीटर सांगतो. ०.९९६ किंवा कमी, आणि लागोपाठच्या दिवशी तेच. बुडबुडे थांबले म्हणजे संपलं असं नाही. थंडीने यीस्ट झोपलं तरी बुडबुडे थांबतात, बूच सैल असलं तरी थांबतात. हे काकांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी दोनदा हो म्हटलं होतं.

सोळाव्या दिवशी आम्ही नायगारा बघायला गेलो. काका ऑफिसच्या कामाने ओटावाला होते. रात्री उशिरा परतलो, पाय दुखत होते, मी झोपले. सतराव्या दिवशी मावसबहिणीबरोबर टोरंटोत भटकले. संध्याकाळी काकांचा मेसेज आला, "कालचं आणि आजचं रीडिंग?" मी खाली गेले, दिवा लावला. एअरलॉक शांत. एक बुडबुडा नाही. चौदाव्या दिवसापर्यंतची रीडिंग्ज वहीत होती, त्यांचा कल खाली जाणारा होता. नमुना काढायचा म्हणजे परत नळी धुवा, पिपेट धुवा, मेटाबायसल्फाइट करा...

फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपण सगळे काय करतो ते मी इथे लिहिणार नाही, कारण हा अंक सरही वाचतात. एवढंच लिहिते की माझा हात सरावाचा होता. दिवस १६: ०.९९६. दिवस १७: ०.९९६. दुसरी ओळ मुद्दाम वेगळ्या पेनाने लिहिली. काकांना फोटो पाठवला. त्यांचा उलट मेसेज आला, "व्वा! शनिवारी स्टॅबिलाइझ करू."

शनिवार म्हणजे दुसराच दिवस. काका सकाळी आठला खाली हजर. त्यांनी वही उघडली, बघितली आणि मिटली. परत रीडिंग घेतलं नाही. का घेतील? वहीत होतं ना. मेटाबायसल्फाइट अर्धा कप पाण्यात विरघळवून ठेवलं, सॉर्बेटचं पाकीट कापायला कात्री घेतली. आणि मला एकदम सुचलं की गोड पिशवी आत गेली की रीडिंग आपोआप वर जाणार. त्यानंतर हायड्रोमीटर आंधळा. वर गेलेलं रीडिंग नव्या साखरेमुळे की जुन्या उरलेल्या, हे कुणालाच कळणार नाही. मी पकडली जाणार नाही हे नक्की होतं. खरं सांगते, पहिला विचार सुटकेचाच आला. दुसरा मात्र बाटल्यांचा आला.

"काका, थांबा. शेवटची दोन रीडिंग्ज मी घेतलेली नाहीत."

"मग ही कुठून आली?"

"मनाने लिहिली."

काकांनी कात्री वॉशिंग मशिनवर ठेवली. रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. म्हणाले, "घे आत्ता."

१.००८. मी नळी पुसून परत घेतलं. १.००८. तिसऱ्यांदा काकांनी स्वतः घेतलं, तेच. म्हणजे चौदाव्या दिवसापासून यीस्ट जवळपास हललंच नव्हतं. याला तिकडे स्टक फर्मेंटेशन म्हणतात, गाडी चढावर बंद पडावी तसं.

मग काकांनी त्याच खोक्याच्या पाठीवर गणित मांडलं. १.००८ वरून ०.९९४ पर्यंत जायला लागणारी साखर लिटरला साधारण ३० ग्रॅम. तिचा निम्म्याला थोडा कमी गॅस, म्हणजे लिटरला १४ ग्रॅमच्या आसपास. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत साडेपाच लिटरच्या वर गॅस कोंबला जाणार. शँपेनमध्ये बाटली बंद करताना लिटरला २४ ग्रॅमच्या आसपास साखर घालतात आणि तेवढ्याने सुमारे ६ अ‍ॅटमॉस्फिअर दाब तयार होतो, म्हणून तिची बाटली जाड काचेची आणि बूच तारेने बांधलेलं. आमच्याकडे साध्या वाइनच्या पातळ बाटल्या होत्या. त्यात वरून घातलेल्या गोड रसाची साखर या हिशोबात धरलेलीच नाही. मेच्या गार तळघरात यीस्ट झोपलेलं राहिलं असतं. जुलैच्या उकाड्यात जागं झालं असतं. बूच उडालं असतं तर नशीब, नाहीतर काच.

काका एवढंच म्हणाले, "टेबलावर तीस बाटल्या, आणि भोवती आपलीच माणसं." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

रोग शोधला मात्र मावशीने. ती कपड्यांची बादली घेऊन खाली आली, आमची तोंडं बघितली आणि म्हणाली, "अहो, हिवाळ्यात इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून मी ओव्हनचा दिवा लावून आत ठेवते. तुमची बरणी उघड्या काँक्रीटवर बसलीय. तिला थंडी नाही वाजणार?" थर्मामीटर लावला तर वाइन १६ अंशावर. किटच्या कागदावर २० ते २४ ठेवा असं स्पष्ट लिहिलेलं. पिंप होतं तेव्हा ते लाकडी फळीवर होतं, यीस्ट जोरात होतं, स्वतःची ऊब होती. बरणीत बदलताना आम्ही ती थेट जमिनीवर ठेवली. दोन इंजिनिअर, एक पूर्ण आणि एक अर्धा, आणि हीट ट्रान्सफर दोघांनाही आठवला नाही!

भरलेली बरणी तीस किलोच्या आसपास जाते आणि ती काचेची, त्यामुळे जिना चढवायचा प्रश्नच नव्हता. आम्ही दोघांनी ती तिरकी करून खाली थर्मोकोलचा जाड तुकडा सरकवला. दुकानातून गरम होणारा पट्टा आणला, तो बरणीला बांधला, वरून मावशीची गोधडी गुंडाळली. आजीने शिवलेली, सोलापूरहून विमानाने आलेली. धुतलेल्या लांब दांड्याने तळाचा गाळ हलकेच उचलला, कारण झोपलेलं यीस्ट तिथेच असतं. जोरात ढवळायचं नाही, हवा मिसळली तर वाइन खराब होते. दुसऱ्या दिवशी २२ अंश. तिसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठले तर खालून ब्लुप ऐकू आलं.

त्याच रात्री काकांनी मला या वाइनची जन्मकथा सांगितली. कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीत सटर होम नावाची वायनरी आहे. तिथले बॉब ट्रिंचेरो झिनफँडेल या काळ्या द्राक्षाची रेड वाइन दाट व्हावी म्हणून त्यातला थोडा रस आधीच काढून घ्यायचे आणि त्याची फिकट, कोरडी वाइन करायचे, व्हाइट झिनफँडेल. १९७५ साली त्यातला एक लॉट असाच मध्ये अडकला. साखर शिल्लक राहिली, रंग गुलाबी. त्यांनी तो बाजूला ठेवला, काही दिवसांनी चाखला आणि गोडच विकला. लोकांनी तो इतका उचलून धरला की पुढे अमेरिकेत ब्लश वाइनची लाटच आली. ते झिनफँडेल पुढे आपल्या नाशिकपर्यंत पोचलंय, सुलाने त्याची ब्लश काढली होती.

मी लगेच म्हटलं, "मग आपली अडकलेली तशीच ठेवली असती तर?" काका म्हणाले, वायनरीत यीस्टसुद्धा पार होणार नाही अशा बारीक गाळणीतून वाइन गाळता येते. आपल्याकडे चहाची गाळणी आहे.

एकोणतिसाव्या दिवशी ०.९९४. तिसाव्या दिवशी ०.९९४. एकतिसाव्या दिवशी काकांनी न सांगता मीच परत घेतलं, ०.९९४. म्हणजे (१.०८० वजा ०.९९४) गुणिले १३१, सव्वाअकरा टक्के अल्कोहोल. गोड रस मिसळल्यावर थोडं कमी. वहीतलं खोटं पान फाडू का असं मी विचारलं होतं, काकांनी फाडू दिलं नाही. साइटवर मेजरमेंट बुकातलं पान फाडत नाहीत म्हणे. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही. दोन्ही ओळींवर मी रेघ मारली, बाजूला माझी सही आणि तारीख आहे.

पुढचं पटकन सांगते. सॉर्बेट वगैरे घालताना वाइनमध्ये विरलेला गॅस काढावा लागतो, त्यासाठी ड्रिल मशिनला लावायचा एक स्टिरर मिळतो. मेकॅनिकलवाल्यांना हा भाग आवडेल. आम्ही पहिल्याच झटक्याला फुल स्पीड दिला आणि गुलाबी फेस बरणीच्या तोंडातून थेट काकांच्या बनियनवर. गोड पिशवी गेली. निवळायला दोन पाकिटं असतात, त्यातलं एक काइटोसान, म्हणजे कोळंबीच्या वगैरे कवचापासून केलेलं. मावशी शाकाहारी, म्हणून काकांनी ती पाकिटं तशीच ठेवली आणि दोन आठवड्यांऐवजी तीन आठवडे वाट बघितली. वाइन आपली आपण निवळली. बरणीमागे वर्तमानपत्र धरलं तर गुलाबी अक्षरं वाचता येत होती.

बावन्नाव्या दिवशी बाटल्या भरल्या. २३ लिटरच्या हिशोबाने तीस व्हायला हव्यात, गाळ आणि बनियन वजा जाता झाल्या अठ्ठावीस आणि एक अर्धी. ती अर्धी आम्ही तिथेच उघडली. ओंटारियोत वयाची अट १९ आहे आणि मी २० ची, तरी मी आधी मावशीकडे बघितलं, ती हसली. चव? मला वाटलं होतं रूहअफजासारखी असेल. तशी नव्हती. आधी स्ट्रॉबेरीसारखा वास, मग गोड, आणि शेवटी जिभेच्या कडेला जरा आंबट. थोडी कोवळी होती, अजून महिना ठेवायला हवी होती. मावशीने मात्र ग्लास संपवला.

पार्टीला मी नव्हते. ऑगस्टमध्ये मी इथे सबमिशनच्या रांगेत उभी होते. व्हिडिओ कॉलवर दिसलं, पंचवीस-तीस माणसं, टेबलावर गुलाबी बाटल्या, सगळ्या धड. एका काकूंनी ग्लासात बर्फ घातला आणि वर सोडा ओतला. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

एक बाटली त्यांनी माझ्यासाठी ठेवलीय. ब्लश फार वर्षं ठेवायची नसते, वर्ष-दीड वर्षात संपवावी लागते. तोपर्यंत मला पुन्हा तिकीट कोण काढून देणार, यावर घरी चर्चा चालू आहे.